क्षयरोग ओपीडीच्या प्रतीक्षालयात यूव्ही दिवे बसवताना

खोकणारे रुग्ण जिथे तासन्‌तास बसून असतात, तिथे माणसांच्या उपस्थितीतच हवा निर्जंतुक व्हायला हवी. म्हणून जंतू मारणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्याचा झोत डोक्यावरच, छतालगतच्या हवेतच राहिला पाहिजे. त्यासाठी आडव्या पट्ट्यांची फिक्श्चर (दिव्याच्या पेट्या) मिळतात. आत २५४ नॅनोमीटर तरंगलांबीची पाऱ्याची ट्यूब असते. भिंतीवर उघडी ट्यूब लावून खाली रुग्ण बसवू नका. छत किमान ८ फूट उंच हवं आणि फिक्श्चरची खालची कड जमिनीपासून निदान ७ फुटांवर.

ट्यूबच्या वॅटवरून दिव्यांची संख्या काढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पट्ट्या बराचसा यूव्ही आतच अडवतात. पुरवठादाराकडे फिक्श्चरबाहेर पडणाऱ्या यूव्हीचा आकडा मागा, चाचणी अहवालासकट. दर घनमीटरला १५ ते २० मिलिवॅट धरा. ६ × ४ × ३ मीटरची खोली ७२ घनमीटर भरते, म्हणजे १,०८० ते १,४४० मिलिवॅट लागतील.

खालची हवा वर गेलीच नाही तर दिवे फुकट. छताचा पंखा मंद गतीवर सतत चालू ठेवा. पेरूतील लिमाच्या रुग्णालयात वॉर्डातली हवा गिनीपिगना देऊन अभ्यास झाला (२००९). तिथे गिनीपिगमधला क्षयसंसर्ग ३५ टक्क्यांवरून ९.५ टक्क्यांवर आला; दिव्यांच्या जोडीला पंखे होतेच. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की परिणाम घटतो, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात दिव्यांच्या भरवशावर खिडक्या बंद करू नका.

वापर सुरू करण्याआधी २५४ नॅनोमीटरच्या मीटरने, डोळ्यांच्या उंचीवर, माणसं बसतात-उभी राहतात त्या प्रत्येक जागी मोजा. कुणी ८ तास एकाच जागी बसणार असेल तर तिथे दर चौरस सेंटीमीटरला ०.२ मायक्रोवॅटपेक्षा जास्त नको. जास्त आलं तर आधी छत बघा: चकचकीत रंग किंवा ॲल्युमिनियमची पट्टी यूव्ही खाली परतवते. यूव्हीमुळे डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचणं काही तासांनी सुरू होतं, त्यामुळे कारण लक्षात येत नाही.

निळा उजेड दिसतो म्हणून ट्यूब काम करते असं नाही. सुमारे ९,००० तासांनी, म्हणजे सतत चालू असल्यास वर्षाने, बदला. दरमहा वीज बंद करून, ट्यूब गार झाल्यावर, हातमोजे घालून ७० टक्के अल्कोहोलने पुसा. साबणाचा थर यूव्ही अडवतो. ट्यूब फुटली तर झाडू लावू नका, खिडक्या उघडा, कडक पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणाच्या डब्यात भरा.