पेडलमधून ट्यूब ॲम्पचा आवाज कसा काढायचा

आमच्या वडसा (गडचिरोली) भागात ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्ववर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर, कोणाजवळ नाई. मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकाले गिटार वाजवायची म्हणजे वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाते, म्हणून जे काय करायचं ते पेडलमध्येच (पायानं दाबायच्या इफेक्टच्या डब्यात) करा लागते.

पहिले ट्यूब काय करते ते समजून घ्या भाऊ. आवाज वाढला की ट्यूब त्याले एकदम कापत नाई, हळूहळू दाबत जाते, म्हणून हलक्या हातानं वाजवलं तर साफ अन् जोरानं छेडलं तर खरखर. पेडलचा गेन (आवाज फाडायचं बटण) फुल केला की हाच फरक मरते, सगळं एकसारखं पिठासारखं होते. गेन कमी ठेवा, दोन पेडल लावा.

माझ्याकडे बॉस कंपनीचा ब्लूज ड्रायव्हर पेडल कायम चालू असते, गेन घड्याळातल्या 10 वर. त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर पेडल, त्याचा ड्राइव्ह (म्हणजे गेनच) जवळजवळ शून्य, लेव्हल चढवलेली, टोन मधात. नावात ट्यूब असली तरी आतमध्ये चिप अन् डायोड आहेत, पण तो खालचा बेस कापते अन् 720 हर्ट्झच्या आसपासचा मिड (मधल्या पट्टीचा आवाज) वर काढते, त्यानं पुढचा पेडल गढूळ होत नाई. बजेट कमी असेल तर बॉसचाच एसडी-1 पेडल घ्या, त्यात लाट दोन्ही बाजूनं सारखी कापली जात नाई, ट्यूबमध्येही तसंच होते, मले तर तोच जास्त आवडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अन् इथंच लय पोरं चुकतात. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाई, पण मंडपातले बॉक्स सगळंच वाजवतात, मंग ड्राइव्हचा पेडल सरळ मिक्सरले लावला की मधमाशांचं मोहळ उठल्यासारखं वाटते अन् लोकं पेडलले दोष देतात. शेवटी कॅब सिम्युलेटर, म्हणजे गिटार ॲम्पच्या स्पीकरची नक्कल करणारा डबा, पाहिजेच. नसेल तर साउंडवाल्याले गिटारच्या चॅनलवर ग्राफिक इक्वलायझर मागा अन् 5 हजारच्या वरच्या पट्ट्या खाली ओढा, नुसतं मिक्सरचं ट्रेबल कमी करून भागत नाई कारण ते बटण बहुतेक 10-12 हजारावर काम करते.

डिले-रिव्हर्बचे (प्रतिध्वनी अन् घुमाव देणारे) पेडल ड्राइव्हच्या नंतर लावा.

करंटचं सांभाळा. पेडलले 9 व्होल्ट लागते, अडॅप्टरच्या पिनच्या मधात निगेटिव्ह. मी एकदा घाईत राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर खुपसला, त्यात मधात पॉझिटिव्ह होता, पेडल गेलं अन् पूर्ण नाटक साध्या आवाजात काढलं. जनरेटरवर हम्म येत असेल तर ड्राइव्ह 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, कॅब सिम्युलेटरले मात्र अडॅप्टरच पाहिजे, तो बॅटरी लवकर खाते.

गिटारचा व्हॉल्यूम नाट्यगीताच्या मागं 6 वर, सोलोले 10. ऑर्गन-तबल्यात आवाज हरवत असेल तर गेनले हात लावू नका, मिड वाढवा.