लेथचा बेड ग्राइंड करायचा का? निर्णय घेण्याआधी हे तपासा

लेथच्या हेडस्टॉकजवळ (स्पिंडल आणि चक असलेल्या टोकाला) बेडवर नख फिरवलं की कड लागते, आणि लगेच सल्ला मिळतो: बेड खाल्लाय म्हणजे झिजलाय, ग्राइंडिंगला पाठवा. घाई करू नका. ती कड एवढंच सांगते की सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, तिथे खूप चाललाय. तुमच्या जॉबचं (लेथवर कापल्या जाणाऱ्या तुकड्याचं) माप किती बिघडतंय, हे तिच्यावरून कळत नाही. निर्णय मात्र त्या मापावरच घ्यायला हवा.

आधी थोडा हिशोब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. झिजेमुळे टूल सरळ खाली 0.1 मिमी गेलं, तर 50 मिमी व्यासाच्या जॉबवर फरक पडतो अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. तेच टूल आडवं 0.1 मिमी सरकलं, तर व्यासात थेट 0.2 मिमीचा फरक. म्हणजे बेड किती खोल गेला यापेक्षा सॅडल किती कलला, हे महत्त्वाचं. आणि तो कलतोच, कारण बेडवरच्या ज्या गाईडवर सॅडल सरकतो, त्यातली पुढची, व्ही आकाराची गाईड मागच्या सपाट गाईडपेक्षा जास्त झिजते. दोन गाईडमधलं अंतर 300 मिमी आणि सेंटरची उंची (बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंत) 200 मिमी धरा. पुढची व्ही 0.1 मिमी बसली की टूल सुमारे 0.07 मिमी तुमच्याकडे, म्हणजे जॉबपासून लांब जातं. व्यास तिथे साधारण 0.13 मिमी मोठा येतो.

पायरी 1: लेव्हल

ही पायरी टाळली तर पुढची सगळी मापं वाया. मीटरला 0.02 मिमी दाखवणारी अचूक स्पिरिट लेव्हल घ्या. बेडच्या दोन्ही टोकांना, न झिजलेल्या जागी, ती आडवी ठेवा. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी यायला हवा. नसेल तर बेडला पीळ आहे, आणि पिळामुळेही जॉब टेपरच (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) येतो. दोन टोकांच्या लेव्हलमध्ये मीटरला 0.1 मिमी फरक असेल, तर 200 मिमी सेंटर उंचीवर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत व्यास 0.04 मिमी बदलतो. फाउंडेशन बोल्ट आणि लेव्हलिंग स्क्रूने पीळ काढा. बऱ्याच मशीनची 'झीज' इथेच संपते.

पायरी 2: झिजेचा नकाशा

डायल गेजचा मॅग्नेटिक बेस सॅडलवर बसवा आणि टोक टेलस्टॉकच्या (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) सपाट गाईडवर टेकवा. टेलस्टॉक हेडस्टॉकपर्यंत क्वचितच जातो, म्हणून त्याची गाईड तिथे बहुधा चांगली असते. टेलस्टॉकच्या बाजूने सुरुवात करून दर 50 मिमीला वाचन लिहून घ्या. मग लेव्हल क्रॉस स्लाइडवर (सॅडलवर आडव्या सरकणाऱ्या भागावर) आडवी ठेवून सॅडल पुन्हा तसाच चालवा. बुडबुडा जिथे हलू लागतो तिथे कल सुरू होतो. माझ्या मते हे दुसरं वाचन जास्त मोलाचं, कारण ते जॉबवर दिसणाऱ्या चुकीच्या जवळ जातं. सॅडल लांब असल्याने छोटे खड्डे तो ओलांडून जातो. त्यामुळे बेड हाताला लागतो तितका वाईट नसतोही.

टेलस्टॉककडच्या टोकाला सॅडलची खालची पट्टी, म्हणजे गिब, नीट बसवून पाहा. तिथे बरोबर बसलेली पट्टी हेडस्टॉकजवळ सैल पडली, तर झीज खरी आहे. हेडस्टॉकजवळ ती आवळली तर टेलस्टॉककडे सॅडल अडकतो. पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) चॅटर, म्हणजे टूलचा थरथराट येतो, त्याचं मूळ अनेकदा या सैलपणात असतं.

पायरी 3: प्रत्यक्ष कट

40 ते 50 मिमी जाडीचा, चकबाहेर 200 मिमी येईल असा रॉड धरा. टेलस्टॉकचा आधार देऊ नका. रॉडवर चार-पाच कॉलर (मधला भाग कमी करून उरलेल्या जाड कड्या) ठेवून, धारदार टूलने हलका कट घेऊन, एकाच फीडमध्ये सगळ्या कॉलर काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. व्यास एका सरळ रेषेत बदलत असेल तर पीळ किंवा हेडस्टॉकची दिशा चुकली आहे. तो वाकडातिकडा, मधेच फुगून बदलत असेल तर गाईड झिजल्या आहेत. फक्त मोकळ्या टोकाची कॉलर मोठी आली, तर बार लवतोय का ते आधी पाहा.

पायरी 4: ठरवा

तुमच्या नेहमीच्या जॉबच्या लांबीत फरक 0.02 मिमीच्या आत असेल, तर बेडला हात लावू नका. तुम्ही 50-60 मिमीच्या बुशा करत असाल, तर पूर्ण बेडची झीज तुमच्या कामात दिसणारही नाही. लांब शाफ्ट हेच रोजचं काम असेल आणि 300 मिमीत 0.05 मिमीहून जास्त फरक पडत असेल, तर ग्राइंडिंगचा विचार करा. पण त्याआधी स्पिंडलचे बेअरिंग, हेडस्टॉकचे गियर, लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) आणि त्याला पकडणारा हाफ नट तपासा. स्पिंडल ढिला असेल तर नव्यासारख्या बेडचा काही उपयोग नाही. सॅडलचा तळही पाहा. तो बेडइतकाच, कधी जास्तही झिजलेला असतो.

ग्राइंडिंगच्या मागे काय येतं

बेड ग्राइंड केला की सॅडल खाली येतो. 90 अंशांच्या सममित व्हीच्या दोन्ही बाजूंनी 0.3 मिमी काढले तर सॅडल 0.42 मिमी उतरतो. त्याच्यासोबत एप्रन, म्हणजे सॅडलच्या पुढे लटकलेला फीडचा भाग, उतरतो. लीड स्क्रू आणि फीड रॉड त्याच्या रेषेत राहत नाहीत, रॅक-पिनियनची जाळी बदलते, हेडस्टॉकच्या तुलनेत टेलस्टॉक खाली जातो. म्हणून सॅडलच्या तळाला टर्साइटसारखी घर्षण कमी करणारी पट्टी चिकटवून किंवा मोग्लिससारखं इपॉक्सी ओतून उंची परत आणतात. बेड ग्राइंडिंगच्या कोटेशनमध्ये हा भाग नसेल, तर ते कोटेशन अर्धंच आहे.

बेड हार्डन केलेला आहे का, हे न चालणाऱ्या कोपऱ्यात कानस घासून पाहा. कानस घसरली तर हाताने स्क्रॅपिंग (स्क्रॅपरने थोडं थोडं खरवडून पृष्ठभाग सरळ करणं) जमणार नाही, ग्राइंडिंगच करावं लागेल. मऊ, छोटा बेड कुशल फिटर स्क्रॅप करू शकतो. त्यात वाहतूक वाचते, पण वेळ भरपूर जातो.

ग्राइंडिंगवाल्याला तीन गोष्टी विचारा: बेड मशीनवर कसा धरणार, टेलस्टॉकच्या गाईड आणि गिब चालते ती खालची बाजू एकाच सेटिंगमध्ये करणार का, आणि जास्तीत जास्त किती मटेरियल काढणार. बेड आवळून धरला तर तो वाकतो, वाकलेलाच ग्राइंड होतो आणि सोडला की उलट वळतो. म्हणून त्याला स्वतःच्या पायांवर, मोकळा आधार हवा.

सुटं केलेलं मशीन परत जोडणं, टेलस्टॉकची उंची जुळवणं, वाहतूक आणि तेवढे दिवस बंद राहिलेलं काम, हे सगळं एकत्र लिहून काढा. शेजारी चांगल्या स्थितीतल्या वापरलेल्या लेथची किंमत लिहा. मशीन जड, मोठ्या स्विंगचं (मोठ्या व्यासाचा जॉब घेणारं) किंवा तुमच्या कामाला नेमकं बसणारं असेल, तर ग्राइंडिंग परवडतं. छोट्या, सहज मिळणाऱ्या मॉडेलला बहुधा नाही.

बेड परत आल्यावर लेव्हल पुन्हा लावा, पायरी 3 चा तोच रॉड पुन्हा काढून पाहा, आणि काही आठवडे काम झाल्यावर लेव्हल एकदा परत तपासा. फाउंडेशन बसतं, बोल्ट सैलावतात.