क्यूएमूच्या चाचण्यांत डिस्क इमेजचा फॉरमॅट स्पष्ट कसा सांगावा

क्यूएमू म्हणजे संगणकाच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारा प्रोग्राम; आतला तो गेस्ट, बाहेरचा खरा होस्ट, आणि गेस्टची डिस्क ज्या फाइलमध्ये असते ती इमेज. क्यूएमूवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रत्येकाने ही सूचना कधी ना कधी पाहिलेली असते: इमेजचा फॉरमॅट दिलेला नाही, अंदाजाने तो रॉ धरला आहे, रॉ इमेजच्या बाबतीत असे आपोआप ओळखणे धोक्याचे आहे, म्हणून ब्लॉक शून्यवर लिहिण्यास बंधने येतील. मशीन तरीही सुरू होते, त्यामुळे बहुतेक जण ती ओळ वर सरकू देतात. घरच्या लॅपटॉपवर एखादे मशीन हाताने चालवताना हे खपून जाते. चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये ते खपवून घेऊ नये. तिथे फॉरमॅट न सांगणे म्हणजे आपण नक्की काय तपासतो आहोत हेच न ठरवणे.

आधी ही ओळख पटवली कशी जाते ते पाहू. क्यूएमू फाइलचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि आपल्याला माहीत असलेल्या प्रत्येक फॉरमॅटला विचारतो, ही तुझी का? क्यूकाऊ२ या क्यूएमूच्या स्वतःच्या फॉरमॅटच्या फाइलची सुरुवात क्यू, एफ, आय ही अक्षरे आणि त्यापुढे हेक्समधला एफबी हा बाइट अशी होते. व्हीएमडीके, व्हीएचडीएक्स या इतर फॉरमॅटच्याही अशाच खुणा आहेत. रॉला मात्र कोणतीच खूण नसते, कारण रॉ म्हणजे गेस्टला दिसणारी डिस्क जशीच्या तशी. म्हणून बाकी कुणीच हक्क सांगितला नाही की उरलेली फाइल रॉ ठरते.

गोम इथेच आहे. रॉ इमेजचे पहिले ५१२ बाइट गेस्टच्या ताब्यात असतात. गेस्टमधल्या रूटने (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने) तिथे क्यूकाऊ२चे हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, लिहिले, तर पुढच्या वेळी मशीन सुरू होताना होस्ट त्या फाइलला क्यूकाऊ२ समजेल. क्यूकाऊ२च्या हेडरमध्ये बॅकिंग फाइलचे, म्हणजे स्वतःत नसलेला डेटा जिथून वाचायचा त्या खालच्या फाइलचे, नाव देता येते. तिथे होस्टवरच्या एखाद्या फाइलचा मार्ग टाकला की गेस्टला ती आपली डिस्क म्हणून वाचता येते. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी न लावता दर वेळी चव घेऊन ओळखायचे, आणि डबा भरणारा मात्र अनोळखी, असा हा कारभार. क्यूएमूच्या ०.९.१ आवृत्तीतली ही त्रुटी सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२००८-२००४ या क्रमांकाने नोंदली गेली आहे. आजची सूचना आणि ब्लॉक शून्यवरचे बंधन हा तिच्यावर पुढे घातलेला बांध.

यापुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच लिहायच्या. कॅपिटल अक्षर हवे तिथे तसे म्हटले आहे, आणि तो फरक महत्त्वाचा आहे.

पायरी १: धोका स्वतः पाहून घ्या

वाचून पटत नाही, करून पटते. व्हर्च्युअल मशीन सुरू न करताही हा प्रयोग होतो. रिकामी डिरेक्टरी घ्या, तिच्यात गुपित.टीएक्सटी नावाची फाइल बनवून चार ओळी लिहा. मग क्यूएमू-आयएमजी या इमेज हाताळण्याच्या साधनाने १० एमबीची रॉ इमेज:

क्यूएमू-आयएमजी क्रिएट -एफ रॉ डिस्क.आयएमजी १०एम

आता त्या मजकुराच्या फाइलला बॅकिंग म्हणून दाखवणारी छोटी क्यूकाऊ२ फाइल. गुपित.टीएक्सटीचा पूर्ण मार्ग द्या:

क्यूएमू-आयएमजी क्रिएट -एफ क्यूकाऊ२ -बी (पूर्ण मार्ग) -कॅपिटल एफ रॉ फसवी.क्यूकाऊ२ १एम

गेस्टने जे केले असते ते आता डीडी या बाइट उतरवणाऱ्या कमांडकडून करून घ्या: इनपुट फसवी.क्यूकाऊ२, आउटपुट डिस्क.आयएमजी, सोबत कन्व्ह=नोट्रंक, म्हणजे डिस्कची लांबी तशीच राहील. यानंतर डिस्क.आयएमजीवर क्यूएमू-आयएमजी इन्फो चालवा. आपण रॉ म्हणून बनवलेली फाइल आता स्वतःला क्यूकाऊ२ म्हणवते आणि बॅकिंग फाइल म्हणून गुपित.टीएक्सटीकडे बोट दाखवते. तीच कमांड -एफ रॉ जोडून चालवा: फॉरमॅट रॉ, आकार १० एमबी, बॅकिंगचा पत्ता नाही. फाइल तीच, बाइट तेच. फरक फक्त आपण सांगितल्याचा. आणखी खात्री हवी तर -एफ न देता ती क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्टने रॉमध्ये उतरवा. नव्या फाइलच्या तोंडाशीच तुमच्या चार ओळी सापडतील.

पायरी २: इमेज बनवतानाच फॉरमॅट ठरवा

क्रिएटला -एफ दिला नाही तर क्यूएमू-आयएमजी रॉ इमेज बनवतो, फाइलचे नाव काहीही असो. म्हणजे डिस्क.क्यूकाऊ२ या नावाची चक्क रॉ फाइल तयार होऊ शकते. शेपटीवरून फॉरमॅट ठरवणारी स्क्रिप्ट अशा ठिकाणी हमखास आपटते. क्रिएट फाइलनावाची शेपटी बघत नाही, आपणही बघू नये.

कन्व्हर्टमध्ये दोन पर्याय आहेत: लहान एफ स्रोताचा फॉरमॅट सांगतो आणि कॅपिटल ओ निकालाचा. लोक कॅपिटल ओ आठवणीने देतात आणि लहान एफ सोडतात, तर अंदाजाचा धोका नेमका स्रोताच्या बाजूला असतो. दोन इमेज ताडून पाहणाऱ्या कम्पेअरमध्ये लहान एफ पहिल्या इमेजसाठी, कॅपिटल एफ दुसरीसाठी. क्यूएमू-आयओ आणि क्यूएमू-एनबीडी या साधनांनाही लहान एफ आहे. चाचण्यांत ती दोन्ही भरपूर वापरली जातात आणि तिथेच हा पर्याय सर्वात जास्त विसरला जातो.

पायरी ३: मशीनच्या कमांडमध्ये फॉरमॅट लिहा

-एचडीए डिस्क.आयएमजी हा जुना सोपा पर्याय चाचण्यांतून काढून टाका. त्यात फॉरमॅट लिहायला जागाच नाही. त्याऐवजी:

-ड्राइव्ह फाइल=डिस्क.आयएमजी,फॉरमॅट=रॉ,इफ=व्हर्टिओ

नवी चाचणी लिहीत असाल तर मी -ब्लॉकडेव्ह सुचवेन. त्यात ड्रायव्हरचे नाव द्यावेच लागते, अंदाजाला वावच नाही. नोडला नाव द्यायचे आणि ते -डिव्हाइसमधल्या ड्राइव्हला जोडायचे. लिहिणे लांबते, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कोणता थर कुठे आहे ते समजते.

डिस्कवर काय आहे याच्याशी चाचणीला कर्तव्य नसेल तर नल-को:// हा पोकळ ड्रायव्हर वापरतात. त्यालाही फॉरमॅट=रॉ जोडा, नाहीतर तीच सूचना. फक्त वाचण्यासाठी उघडलेल्या इमेजवर मात्र सूचना येत नाही, कारण बंधन लेखनावर आहे. पण सूचना आली नाही म्हणजे अंदाज लावलाच नाही, असे समजू नका.

चूक झाली तर काय होते, हे इथेच लक्षात घ्या, कारण दोन बाजूंच्या चुका सारख्या नाहीत. रॉ फाइलला क्यूकाऊ२ म्हटले तर क्यूएमू लगेच थांबतो आणि ही इमेज क्यूकाऊ२ नाही असे स्पष्ट सांगतो. उलट क्यूकाऊ२ फाइलला रॉ म्हटले तर तो निमूट चालू लागतो. गेस्टला हेडर आणि तक्त्यांसकट ती फाइल हीच डिस्क म्हणून दिसते. १० जीबीची कोरी इमेज असेल तर जेमतेम २०० केबीची. बूट होण्यासारखे काही नाही असा संदेश येतो, आणि गेस्टने तिथे पार्टिशन टेबल लिहिले तर हेडरच गेले. म्हणून रॉ हा शब्द ‘काहीतरी द्यायचे म्हणून’ कधी देऊ नका.

पायरी ४: बॅकिंग साखळीतला प्रत्येक दुवा नोंदवा

एका मूळ इमेजवर प्रत्येक चाचणीसाठी नवा थर चढवायचा ही चांगली पद्धत आहे: चाचणी संपली की थर फेकून द्यायचा. पण वरच्या थराचा फॉरमॅट सांगून काम संपत नाही, खालच्याचाही सांगावा लागतो. ब्लॉकडेव्ह वापरला आणि हेडरमध्ये बॅकिंगचा फॉरमॅट नसला, तर खालच्या फाइलबाबत पुन्हा अंदाज सुरू होतो.

क्यूएमू-आयएमजी क्रिएट -एफ क्यूकाऊ२ -बी मूळ.आयएमजी -कॅपिटल एफ रॉ थर.क्यूकाऊ२

कॅपिटल एफ न देता बॅकिंग फाइल देणे ५.१ आवृत्तीत कालबाह्य ठरवले गेले आणि २०२१च्या ६.१ आवृत्तीपासून ती सरळ चूक धरली जाते. जुन्या स्क्रिप्ट नव्या मशीनवर हलवल्या की अनेकांना याच ओळीवर ठेच लागते. लिबव्हर्ट हे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारे सॉफ्टवेअरही अशी अर्धवट साखळी अनेकदा नाकारते. त्याच्या एक्सएमएल मांडणीतल्या ड्रायव्हर घटकात टाइप लिहिलेला असूनही मशीन का सुरू होत नाही, याचे उत्तर बहुधा खालच्या थरात असते.

आधीच बनलेल्या इमेज दुरुस्त करता येतात. क्यूएमू-आयएमजी इन्फोला --बॅकिंग-चेन जोडून साखळी पाहा. ज्या थरात बॅकिंग फाइल आहे पण बॅकिंग फाइल फॉरमॅटची ओळ नाही, तो दोषी. मशीन बंद करा आणि:

क्यूएमू-आयएमजी रीबेस -एफ क्यूकाऊ२ -यू -बी मूळ.आयएमजी -कॅपिटल एफ रॉ थर.क्यूकाऊ२

इथला लहान यू फक्त हेडर बदलतो, डेटाला हात लावत नाही. म्हणूनच तो झटपट होतो, आणि म्हणूनच फॉरमॅट चुकीचा दिला तरी कुरकुर न करता लिहून टाकतो. मूळ इमेज कशी बनवली होती ते बनवणाऱ्याला विचारा किंवा बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये बघा. इन्फोचा अंदाज तसाच उचलून इथे टाकलात तर अंदाजावर फक्त शिक्का बसेल.

पायरी ५: चाचणीच्या चौकटीतच सक्ती करा

क्यूएमूच्या स्वतःच्या ब्लॉक चाचण्यांत, म्हणजे क्यूएमू-आयओटेस्ट्समध्ये, चेक या स्क्रिप्टला -रॉ किंवा -क्यूकाऊ२ असा फॉरमॅट देतात आणि तो आयएमजीएफएमटी या चलातून प्रत्येक चाचणीपर्यंत पोचतो. एकच चाचणी अनेक फॉरमॅटवर चालते आणि कोणत्या फेरीत काय तपासले ते नोंदीत राहते. आपल्या स्क्रिप्टमध्येही हेच करावे: इमेज जोडणारे एकच फंक्शन ठेवा, मार्ग आणि फॉरमॅट दोन्ही मागा, फॉरमॅट नसेल तर तिथेच थांबा. फॉरमॅट न दिल्यास आपोआप धरायचे मूल्य ठेवण्याचा मोह टाळा. पायरी ३मधली निमूट चूक त्याच दाराने आत येते.

सूचनेचा दुसरा त्रास म्हणजे, आयओटेस्ट्स प्रत्यक्ष आउटपुट जपून ठेवलेल्या आउटपुटशी ओळ न ओळ ताडून पाहतात. एक अनपेक्षित ओळ आली की चाचणी नापास.

त्याहून वाईट गोष्ट निकालात दिसत नाही. अंदाजाने रॉ ठरलेल्या इमेजवर गेस्टने पहिल्या सेक्टरमध्ये दुसऱ्या फॉरमॅटसारखे दिसेल असे काही लिहिले, तर ते लेखन परवानगी नाही म्हणून नाकारले जाते. साधे पार्टिशन टेबल लिहिताना काही होत नाही. पण गेस्टच्या आत पुन्हा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या चाचणीत कुणी क्यूकाऊ२ इमेज थेट डिस्कवर उतरवली, की आय-ओ एरर येते आणि दोष ड्रायव्हरमध्ये शोधला जातो. फॉरमॅट=रॉ लिहिले की हे बंधन उठते.

सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत, स्टँडर्ड एररवर (चुका आणि सूचना जिथे छापल्या जातात तिथे) ‘प्रोबिंग गेस्ड’ हे इंग्रजी शब्द शोधणारी एक ग्रेप कमांड ठेवा आणि सापडले तर बिल्ड नापास करा. पुनरावलोकनात मी प्रत्येक ड्राइव्ह, कन्व्हर्ट आणि क्रिएटच्या ओळीत आधी फॉरमॅट शोधतो, बाकी सगळे नंतर.

बाहेरून आलेल्या इमेजबद्दल एक इशारा. फॉरमॅट क्यूकाऊ२ असे स्पष्ट सांगितले तरी त्या फाइलच्या हेडरमध्ये बॅकिंग फाइल किंवा बाहेरची डेटा फाइल दिलेली असू शकते. २०२४ मध्ये ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली सीव्हीई-२०२४-३२४९८ ही त्रुटी अशाच बाह्य डेटा फाइलची होती. परकी इमेज चाचणीत घेण्याआधी, होस्टच्या बाकी फाइल दिसणार नाहीत अशा वेगळ्या वातावरणात तिचे हेडर तपासा आणि असे बाहेरचे दुवे असतील तर ती नाकारा.

फॉरमॅट मुद्दाम वगळण्याची एकच जागा मला मान्य आहे: आपोआप ओळखण्याची सोयच तपासणारी चाचणी. तिथे ड्राइव्हच्या ओळीवर तसे सांगणारी टिप्पणी लिहा आणि वरच्या ग्रेपमधून ती चाचणी नावानिशी वगळा, नाहीतर पुढचा माणूस चांगल्या हेतूने फॉरमॅट=रॉ घालून ती निकामी करेल.