शिळावर्तुळाची नोंद कशी करावी

तूर निघाल्यावरच जा. पावसाळ्यानंतरच्या गवतात नागपूरकडची शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती रचलेली मोठ्या दगडांची वर्तुळं, अक्षरशः बुडालेली असतात. माणूस मधून चालत जातो आणि त्याला कळतही नाही. आयर्लंडमधलं न्यूग्रेंजचं दगडी थडगं नवाश्मयुगातलं, डोंगराएवढं. आपली लोहयुगातली, साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची, आणि दिसायला शेताकडेला पडलेले धोंडेच. म्हणून तर ती जातात. कुणी बांधाला लावतो, कुणी मुरमासाठी खणतो.

सुरुवात नागपूरजवळच्या जुनापाणीपासून करा. तिथे सुमारे तीनशे वर्तुळं आहेत आणि रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहून ठेवलंय. तिथे नजर तयार झाली की मग इतरत्र फिरा.

सोबत तीस मीटरचा टेप, होकायंत्र, वही आणि टॉर्च घ्या. शेत कुणाचं आहे ते आधी विचारा, परवानगीशिवाय पाय ठेवू नका. "सोनं हाय का जी त्यात?" हा प्रश्न येणारच. खरं तेच सांगा: सापडतात ती काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, नागपूरजवळच्याच माहुरझरीसारख्या ठिकाणी मणी आणि घोड्याचे तांब्याचे दागिने. गुप्तधनाच्या नादाने खणलेलं वर्तुळ पुढे अभ्यासाला कामाचं राहत नाही, कारण कोणती वस्तू कुठे नि कशाशेजारी होती हेच पुसलं जातं. खापराचा तुकडा दिसला तरी खिशात घालू नका. जागेवरच फोटो घ्या.

वर्तुळ क्वचितच नेमकं गोल असतं. त्यामुळे व्यास दोनदा मोजा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, दगडांच्या आतल्या कडेपासून. उत्तरेच्या दगडाला १ नंबर द्या आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजत जा. नंबर वहीतल्या नकाशावर, दगडावर नव्हे.

काही दगडांवर वाटीसारख्या छोट्या खळग्या ओळीने कोरलेल्या असतात. भर दुपारी त्या दिसत नाहीत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खळगीत अर्धचंद्रासारखी सावली धरते आणि ओळ एकदम उमटते. ऊन नसेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून खळग्यांत खडूची पूड भरली होती. फोटो झकास आले. पण पूड बारीक भेगांत बसली ती काही निघेना. तेल, रंग, पाणी, काहीच लावू नका.

अचूक लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. पुरातत्त्व विभागाला मात्र लेखी कळवा. केंद्राने संरक्षित केलेल्या स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. हे शेतकऱ्यालाही नीट समजावून सांगा, नाहीतर तो घाबरून दगडच हलवतो.

दर वर्षी त्याच जागेवरून तोच फोटो घ्या आणि दगड पुन्हा मोजा. माझ्या एका वर्तुळात २३ होते, पुढच्या हिवाळ्यात २१ भरले. दोन पलीकडच्या बांधात सापडले. त्यांचीही नोंद त्याच पानावर आहे, बाण काढून.