आईबाबांना सांभाळणाऱ्या वहिनीकडे पण बघा जरा

गावी घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा डिमेन्शिया (विसरण्याचा, भान हरपण्याचा आजार) झालेलं माणूस आहे आणि तुम्ही पुण्यात नाहीतर दुबईत बसून रोज फोन करताय, तर हे तुमच्यासाठी. म्हाताऱ्या माणसावर खेकसणं, दंडाला धरून ओढणं, ओला डायपर तसाच ठेवणं, हे दरवेळी दुष्टपणातूनच होतं असं नाही, बऱ्याचदा करणारं माणूस एकटं असतं आणि धड झोपलेलंही नसतं.

तर आधी फोनवरचे सल्ले बंद करा. "बाबांना तो अमका काढा देऊन बघा ना" च्या ऐवजी विचारा, काल रात्री किती वेळा उठावं लागलं? आणि मग गप्प बसून ऐका.

पैशाचं "लागले तर सांगा" नको, मागायला लाज वाटते हो. सेवेसाठी ठेवलेल्या ब्युरोच्या बाईंचा पगार ठरलेल्या तारखेला तुमच्याच खात्यातून जाऊ दे. आणि बाई सुट्टीवर गेल्या की रजा तुम्ही टाका, वहिनीला माहेरी जाऊ दे, आणि दोनेक तासांनी कूस बदलणं (नाहीतर बेडसोर, म्हणजे पडून पडून जखमा होतात), पाठ पुसणं, पेज भरवणं सगळं स्वतः करा, म्हणजे कळेल संध्याकाळी आई "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभी राहते तेव्हा काय होतं ते. तिथे "अगं हेच तुझं घर" म्हणून वाद घालू नका, वाढतंच. "जाऊया हं, आधी चहा घेऊ" म्हणायचं. आणि एकदम एक-दोन दिवसांत जास्तच बरळायला लागली तर नाटक समजू नका, लघवीच्या इन्फेक्शननेही तसं होतं, डॉक्टरांना दाखवा.

वहिनी म्हणाली "आज माझा हात उठला असता", तर लेक्चर देऊ नका प्लीज. तिने सांगितलं हेच खूप आहे. लगेच शेजारच्या काकूंना तासभर बसवा, तिला बाहेर पाठवा. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पण खरंच मारहाण होतेय, पेन्शन काढून घेतायत, घराच्या कागदांवर सह्या घेतायत, तर ते थकवा म्हणून झाकू नका. ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनला, एल्डरलाइन १४५६७ ला फोन करा, सकाळी ८ ते रात्री ८, जिवाला धोका असेल तर सरळ ११२. पोटगीसाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आईबाबांना स्वतः जमत नसेल तर त्यांनी सांगितलेलं माणूस किंवा संस्थाही करू शकते.