शस्त्रनियंत्रणात फेलोशिप हवीय? मग या चुका टाळा

अर्जांचा मोसम आला की सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घराची बेल वाजायला लागते. दारात एम.ए. झालेलं पोर, हातात प्लास्टिकची फाइल आणि ठरलेलं वाक्य, "सर, उद्या शेवटची तारीख आहे, जरा बघता का?" जरा! तीस वर्षं संरक्षणशास्त्र शिकवलं, अण्वस्त्रांपासून रासायनिक शस्त्रांपर्यंतचे करार फळ्यावर लिहून हात पांढरे केले, पण या 'जरा'ला अजून सरावलो नाही.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो आपल्यासाठी नसलेल्या फेलोशिपला अर्ज करण्यात. हसू नका, हा पराक्रम मी स्वतः केलाय. १९९४ साली नवाकोरा व्याख्याता होतो. संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण फेलोशिप आहे, १९७८ पासूनची योजना आहे, हिरोशिमा-नागासाकीलाही नेतात, एवढं कुठंतरी वाचलं आणि डोक्यात जपान शिरला. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अकरा पानी अर्ज करून घेतला. एका पानावर 'डिसआर्मामेंट'मधला 'आर' गळला म्हणून ते पान परत टाइप करायला लावलं. रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि स्टाफरूममध्ये सांगूनही टाकलं. चार महिन्यांनी दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं: उमेदवारांची नावं सरकारं सुचवतात. म्हणजे दरसाल जे पंचवीसेक जण जातात ते आपापल्या सरकारनं पाठवलेले, बहुतेक तरुण राजनैतिक अधिकारी. सांगलीच्या व्याख्यात्याचा तिथं संबंधच नव्हता. पुढं वर्षभर सहकारी "काय, जपानहून कधी आलात?" विचारत राहिले.

आता माहिती फोनवर मिळते, म्हणून चूक कमी झाली असेल असं वाटतं ना? उलट वाढलीय. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं २०१९ मध्ये निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयावर फेलोशिप सुरू केली. 'भारत सरकार' आणि 'फेलोशिप' एवढं वाचून पोरं उड्या मारत येतात. ती परदेशी तरुण राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी आहे बाबांनो, आपण तिथं यजमान! मागं एकानं अमेरिकेच्या फॉस्टर फेलोशिपचं जुनं पान दाखवलं. विल्यम फॉस्टर हे अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण संस्थेचे १९६१ मधले पहिले संचालक, त्यांच्या नावानं विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना सरकारी कामात घेण्याची ती सोय. अट अमेरिकी नागरिकत्वाची. आणि ती संस्था तर १९९९ मध्येच तिथल्या परराष्ट्र खात्यात विलीन झाली.

माझी सवय सांगतो. पात्रतेचा परिच्छेद छापून घ्यायचा आणि लाल पेनानं तीन गोष्टींखाली रेघ मारायची: कुणासाठी, कुणामार्फत, कधीपर्यंत. 'कुणामार्फत' हा शब्द सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. रासायनिक शस्त्रबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या हेगच्या संघटनेचा असोसिएट कार्यक्रम २००० पासून चालतो आणि तो रसायनशास्त्र किंवा केमिकल इंजिनिअरिंगवाल्यांना खरंच उपयोगाचा आहे. पण तिथला रस्ता या बंदीचं काम आपल्या देशात बघणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणातून जातो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मेरी क्युरी फेलोशिप २०२० पासूनची. अणुक्षेत्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आहे, अण्वस्त्रप्रसारबंदीचा अभ्यासही त्यात बसतो. तिच्यासाठी आजवर माझ्याकडं एकही मुलगी आलेली नाही. जपानवाले मात्र ढीगभर.

घरच्या वाटा तेवढ्या झगमगीत नसतात, पण पोट त्यांच्यावरच भरतं. यूजीसीच्या नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. नेटच्या यादीत 'शस्त्रनियंत्रण' शोधत बसू नका. आपले विषय क्रमांक दोनच: राज्यशास्त्र ०२, संरक्षण व सामरिक शास्त्र ११. राज्याच्या सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्थाही पीएच.डी.साठी फेलोशिप देतात. दोन ठिकाणचे पैसे एकदम घेता येत नाहीत. "कळतंय कुणाला" म्हणणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक: संशोधनाचा आराखडा. पलूसकडचा एक मुलगा होता, हुशार पण घाईचा. विषय 'जागतिक शस्त्रनियंत्रण आणि भारताची भूमिका'. म्हटलं, अरे, हा विषय आहे की तालुका? ऐकलं नाही. चाळीस पानं गाइडमधून उतरवली, न दाखवता अर्ज भरला आणि मुलाखतीला गेला. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'भारताने १९६८ साली अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर काही अटींसह सही केली.' समितीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कोणत्या अटी?" भारतानं त्या करारावर सहीच केलेली नाही! पोरगं दीड मिनिट छताकडं बघत होतं, असं त्यानंच नंतर सांगितलं. नाव यादीत आलं नाही.

महिन्यानं तोंड पाडून आला. विचारलं, वडील काय करतात? "पंपांच्या कारखान्यात." मग विषय घरातच होता की! रासायनिक शस्त्रांच्या कामी येऊ शकणारी यंत्रं भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून ऑस्ट्रेलिया ग्रुप नावाचा देशांचा गट याद्या करतो. भारत त्यात जानेवारी २०१८ मध्ये गेला. त्या याद्यांत काही पंप आणि व्हॉल्व्हही आहेत. दुहेरी सीलचे किंवा बिनसीलचे आणि रसायनाला टेकणारा भाग टायटॅनियम, टँटलम, काच अशा न गंजणाऱ्या मालाचा असलेले. आपल्याकडं अशा वस्तू 'स्कोमेट' यादीत येतात आणि निर्यातीला परवाना लागतो. इथला छोटा निर्यातदार ही यादी वाचतो का? त्याला ती कोण समजावतं? हे विचारायला न्यूयॉर्कला जावं लागत नाही, पलूसची एसटी पुरते. यंदा तो याच प्रश्नावर अर्ज करतोय. आराखडा अठरा पानांवर आलाय, मी सहा मागितलीत. भांडण चालू आहे.

शस्त्रनियंत्रण आणि निःशस्त्रीकरण हे शब्द अदलाबदलीनं वापरू नका. अमेरिका-रशियाच्या न्यू स्टार्ट करारात तैनात अण्वस्त्रांना १,५५० ची मर्यादा होती, ते नियंत्रण. १९९७ मध्ये अंमलात आलेला रासायनिक शस्त्रबंदी करार ती शस्त्रंच नष्ट करायला लावतो, ते निःशस्त्रीकरण. सीटीबीटी, म्हणजे अणुचाचण्यांवर सर्वंकष बंदी घालणारा करार, १९९६ पासून सह्यांसाठी खुला आहे, पण अंमलात आलेला नाही. 'लागू झाला' लिहिलंत की परीक्षकाचं पेन थांबतं.

शिफारसपत्र आदल्या रात्री मागू नका. दहावीच्या मार्कलिस्टवरचं स्पेलिंग आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या. राज्यात भटक्या जमातींत असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात, तिथं केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तलाठ्यापासून प्रांत कार्यालयापर्यंतच्या खेपा धरा आणि महिनाभर आधी सुरुवात करा.

आणि मूळ कागद तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या पुरात माझ्या एका विद्यार्थ्याचं कपाट तीन दिवस कृष्णेच्या पाण्यात होतं. एम.ए.ची गुणपत्रिका त्यानं दोरीवर चिमट्यानं वाळत घातली. शिक्का निळा पसरला होता, नंबर तेवढा वाचता येत होता.