हनुवटी बधिर झाली? दाढ काढायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा

स्तनाचा, फुफ्फुसाचा किंवा रक्ताचा कॅन्सर कधीकधी मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणात शिरतो. त्याच्या पेशी तिथल्या पाण्यातून डोक्यापासून कमरेपर्यंत कुठेही जाऊन बसतात. त्यामुळे पहिली तक्रार भलत्याच जागी उमटते आणि घोळ होतो.

सगळ्यात जीव तुटतो तो हनुवटीपायी. खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूने बधिर होते, चहा ओघळला तरी कळत नाही. निफाड-सिन्नरकडून नाशिकला केमोला येणारा पेशंट ही तक्रार घेऊन गावातच दाताच्या डॉक्टरकडे जातो. आपल्याला कॅन्सर आहे हे सांगतच नाही. दाढ निघते, बधिरपणा तसाच राहतो, आठवडे वाया जातात. मार नाही, दाताचं काही काम नाही, तरी हनुवटी बधिर असेल तर जबड्याच्या हाडातली गाठ आणि आवरणातला फैलाव, दोन्ही तपासायलाच हवेत. कॅन्सर दहा वर्षांपूर्वी बरा झालेला असला तरी तो दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा.

'मुंग्या केमोमुळेच' हे घरचं निदान तर नकोच. पॅक्लिटॅक्सेल, विनक्रिस्टीन या केमोच्या औषधांच्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांत सारख्या, बोटांपासून वर चढतात. एकाच पायात कळ येत असेल किंवा तो लुळा पडत असेल, तर केमोवर ढकलू नका. लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जा.

एकाचे दोन दिसतात म्हणून चष्मा बदलणं, उभं राहताच डोकं ठणकतं म्हणून मीठ-साखरेचं पाणी पिणं, यातही तसेच दिवस वाया जातात; या तक्रारीही याच फैलावाच्या असू शकतात.

साध्या सीटी स्कॅनवर निर्धास्त होऊ नका. मेंदू आणि पूर्ण मणक्याचा कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध टोचून केलेला) एमआरआय लागतो, तोही शक्यतो पाठीतलं पाणी काढायच्या आधी. नंतर केला तर पाणी काढल्यामुळेच एमआरआयमध्ये आवरण चमकू शकतं आणि कॅन्सरचा भास होतो. पाणी किमान 10 मिली हवं आणि ते लगेच लॅबला पोचायला हवं. फैलाव असूनही पहिल्या नमुन्यात जवळपास निम्म्या वेळा कॅन्सरच्या पेशी सापडतच नाहीत. एका निगेटिव्ह रिपोर्टवर घाईने फाईल मिटवू नका, पुन्हा तपासायचं का ते विचारा.

घरी एक वही ठेवा: तारीख, बाजू, तक्रार. दात, डोळे, कंबर यांच्या वेगवेगळ्या फायली करू नका. '3 तारीख, उजवी हनुवटी. 9 तारीख, डावा पाय' हे एकाच पानावर दिसलं, की कॅन्सरचे डॉक्टर मणक्याबरोबर मेंदूचाही एमआरआय लिहून देतात.